नूरिपाच्या दगडावरचा शब्द

बुरुल: नाही उस्ता, अक्षर चुकलेलं नाही. शब्दच चुकलाय. तो पुसून टाका.

शादमान: थांब, आधी हे चाक बंद करू दे. एकाच कानानं ऐकू येतं मला, आणि तो कान या यंत्रानं खाल्लाय. हं. आता बोल. कुठला दगड म्हणालीस?

बुरुल: तो काळा, भिंतीला टेकवलेला. नूरिपाचा. नावाखाली खडूनं लिहिलंय ना, जोमार्त. तेवढं काढा. बाकी सगळं ठीक आहे.

शादमान: चेहरा बरा आलाय ना? फोटो अगदीच धड नव्हता. कामाच्या दाखल्यावरचा, त्यातही रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. डोळे मी अंदाजानं केले.

बुरुल: डोळे बरोबर आहेत. असेच होते, दुसरीकडे बघणारे.

शादमान: तू कोण तिची?

बुरुल: पुतणी. मोठ्या दिराची मुलगी. बुरुल.

शादमान: आणि राहतेस कुठं?

बुरुल: राजधानीत. शिवणाच्या कारखान्यात आहे. काल तिच्या मुलानं, तुर्दुबेकनं, या दगडाचा फोटो पाठवला, ‘कसा दिसतो सांग’ म्हणून. सकाळी पहिल्या गाडीनं आले.

शादमान: चार तास. पुतण्या चार तास प्रवास करतात त्या माणूस गेल्याच्या वर्षाच्या जेवणाला, घोड्याचं मटण खायला. दगडावरचा एक शब्द पुसायला आलेली पुतणी मी पहिल्यांदा बघतोय. बस. चहा घे. अर्धीच वाटी ओततो, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येईल आणि तू लवकर उठणार नाहीस.

बुरुल: चहा घेते. शब्द काढाल ना?

शादमान: खडूचा शब्द ओल्या फडक्यानं जातो. छिन्नी अजून लागलेली नाही. पण का काढायचा ते सांगशील की नाही? पस्तीस वर्षं मी थडग्याचे दगड घडवतोय. प्रिय, आदरणीय, कष्टाळू असले शब्द रोज कोरतो, त्यांना कुणी नाही म्हणत नाही. पण जोमार्त मी फक्त तीनदा कोरलाय. एकदा एका साहेबाचा मुलगा आला होता. म्हणे बापाच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत जोमार्त लिहा. मी विचारलं, तुझ्या बापानं रस्त्यावरच्या माणसाला कधी घोड्यावर मागं बसवून घेतलं होतं का? तो दुसऱ्या कारागिराकडे गेला.

बुरुल: मग इथं कसा तयार झालात?

शादमान: कारण नूरिपाचं नाव या खोऱ्यात कुणालाही विचार. मेंढपाळाचं घर जळालं तर हिनं दावणीची दुभती गाय सोडून नेऊन दिली. खिंडीत बर्फात अडकलेल्या ट्रकवाल्याला अंगातला कोट काढून दिला, आणि स्वतः गोणपाट पांघरून घरी आली. आणि म्हणे, पोटची—

बुरुल: पोटची पोर दिली. म्हणा ना, थांबलात कशाला? गाय, कोट, पोर. लोक एका दमात सांगतात, उस्ता. लग्नात सांगतात, बारशात सांगतात. आणि मी तिथंच बसलेली असते, तळलेल्या कणकेच्या बोरसोकची परात पुढ्यात घेऊन.

शादमान: म्हणजे ती पोर तू.

बुरुल: मी. चाळीस दिवसांची होते. चाळीस चमचे पाण्यानं अंघोळ घातली, चाळीस घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांचं झबलं घातलं. आणि त्या झबल्यासकट उचलून ओढ्यापलीकडच्या मोठ्या जावेच्या ओटीत टाकलं. तिची तीन मुलं झाली होती, तिन्ही गेली होती. तिनंच मला वाढवलं. माझी आपा म्हणजे ती, उलकान. आपानं मला काही कमी केलं नाही, हे आधी सांगून ठेवते. दुसऱ्यांच्या मुली तीन मैल चालत शाळेत जायच्या, मला आपा घोड्यावर घेऊन जायची.

शादमान: मग दुखतं कुठं?

बुरुल: सहा वर्षांची होते तेव्हा पोरांनी सांगितलं, तुझी आई ती ओढ्याअलीकडची. मी बघायला लागले तिच्याकडे. रोज बघायचे. ती बघायची नाही. अंगणात दहा पोरं जमली की सगळ्यांच्या हातावर खडीसाखर ठेवायची, माझ्या सर्वांत शेवटी. ठेवायची, पण नजर दुसरीकडे. माझ्या लग्नाला ती दोन दिवस चुलीपाशीच बसली होती. गाडीत बसताना बायकांनी गळामिठ्या मारल्या, ती बाहेर आली नाही. माझा मुलगा झाला तेव्हा आली, पाळण्यावरून हात फिरवला, पाळण्यातल्या पोरावरून नाही, आणि चहा न घेता गेली. गाय दिल्यावर ती म्हणे त्या गाईला बघायला जायची. मेंढपाळाची बायको सांगते, मीठ घेऊन जायची.

शादमान: हं.

बुरुल: मेली तेव्हा मी आले. बायका हुंदके देत म्हणत होत्या, अशी जोमार्त बाई होणार नाही. मला रडू आलं नाही. आता तो शब्द दगडावर चढला की दर वेळी कबरीवर गेले की तोच वाचायचा. वाचायचं काय, तर तिनं मला कसं देऊन टाकलं.

शादमान: हा शब्द कुठनं आला माहीत आहे का तुला?

बुरुल: कुठनं म्हणजे? आपलाच आहे.

शादमान: आपला नाही. माझ्या आजीकडचा आहे. माझी आजी ताजिक, खोजंदकडची. तिच्या बोलीत तो जवानमर्द. जवान मर्द, तरणा गडी. बस्स एवढंच. देण्याघेण्याचं त्यात नाव नाही. खिंडी ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत त्याच्या टाचा झिजल्या. जवानमर्द, जोमर्द, जोमार्त. इथल्या लोकांनी तो फोडून बघितलाच नाही, अख्खा गिळला. आता विचार कुणालाही, सांगेल की जोमार्त म्हणजे हात सैल असणारा, स्वतःला न ठेवता देणारा.

बुरुल: म्हणजे माझ्या काकूच्या दगडावर तुम्ही ‘तरणा गडी’ कोरणार होतात.

शादमान: हसलीस. चहा गरम करतो.

बुरुल: हसले नाही. पण तरण्या गड्याचा आणि देण्याचा संबंध काय?

शादमान: शिकलेले लोक सांगतात, जुन्या शहरांत कारागिरांच्या मंडळ्या असायच्या. लोहार, चांभार, माझ्यासारखे पाथरवट. त्यांची शपथच असायची म्हणे, की घरातली शेवटची भाकरी पाहुण्याची. त्यांना जवानमर्द म्हणायचे. असेल. माझी आजी वेगळं सांगायची. ती म्हणायची, म्हातारा देतो तेव्हा त्याला ठाऊक असतं आपले किती हिवाळे उरलेत. त्यांच्यापुरतं ठेवून उरलेलं देतो. तरण्यासमोर सगळे हिवाळे यायचेत. पुढं काय काय लागेल त्याला कळत नाही, आणि तरी देतो. म्हणून देणाऱ्याला जवान म्हणायचं, मग तो ऐंशीचा का असेना.

बुरुल: एकोणीस.

शादमान: काय म्हणालीस?

बुरुल: काही नाही. एकोणीस वर्षांची होती ती, मी झाले तेव्हा. पण उस्ता, देणाऱ्याला तुमच्या आजीनं शब्द दिला. जो दिला जातो त्याला काय म्हणतात?

शादमान: त्याला शब्द मी ऐकला नाही.

बुरुल: मीही नाही. तुर्दुबेकला मी सांगेन मी पुसायला लावलं म्हणून. तुमच्यावर येणार नाही.

शादमान: तुर्दुबेकला कशाला? त्यानं नाव, दोन तारखा आणि फोटो दिला. दगड तिचे तीन मुलगे उभारणार, म्हणून मागल्या बाजूला त्यांची तीन नावं. हा शब्द त्यानं दिलाच नाही. तो एका म्हातारीनं सांगितला. मागच्या मंगळवारी आली, माझ्या शेजारी उभी राहून खडूनं लिहून घेतला. जवळचं दिसत नसावं, अक्षरांवरून बोट फिरवून बघितलं. बोटाला लागलेला खडू झग्याला न पुसता तसाच घेऊन गेली.

बुरुल: कोण म्हातारी?

शादमान: नाव विचारलं नाही. काठी घेऊन येते, डाव्या पायानं लंगडते. आज पुन्हा येते म्हणाली होती, काहीतरी अजून सांगायचंय म्हणून.

बुरुल: डाव्या पायानं.

(बाहेर गाडी थांबल्याचा आवाज. दार ढकलून उलकान आत येते; काखेत कापडात बांधलेले बोरसोक.)

उलकान: उस्ता, छिन्नी लावली का न्हाई अजून? ... बुरुल? तू हितं कशी?

बुरुल: तू लिहायला लावलंस, आपा?

उलकान: बसू तर दे. गाडीत माणसं गाजरावानी कोंबतात. हे घ्या उस्ता, सकाळी तेल तापवलं व्हतं तिच्या नावानं, वास गेला असंल तिच्यापत्तुर. खाऊन घ्या.

बुरुल: आपा, मी विचारलं काहीतरी.

उलकान: व्हय, मी लिवायला लावलं. का? दुसऱ्या कुणी लावायचं व्हतं? गाय ज्याला मिळाली त्याला लिवता येत न्हाई. कोटवाला मेला. राहिले मी.

बुरुल: मला विचारायचं नाही? त्या शब्दात मी आहे.

उलकान: तुला काय वाटतं, तिनं तुला कवा दिलं?

बुरुल: चाळिसाव्या दिवशी. सगळं खोरं सांगतं.

उलकान: खोऱ्याला काय ठावं. चाळिसाव्या दिवशी तिनं दिलंच न्हाई. सासूनं घेतलं. घर भरलेलं व्हतं, सासूनं तुला उचललं आन् माज्या ओटीत घातलं. म्हनली, मोठ्या घरात पाळना हलू दे, धाकटीला काय, ती अजून पंधरा आनंल. नूरिपाला कुनी इचारलं न्हाई. ती चहा ओतत व्हती. ओतत राहिली. पावन्यांना दिला, सासूला दिला, मला बी दिला. तिच्या हातातनं मी वाटी घेतली. तवा मी तिच्याकडं बघितलं न्हाई.

शादमान: मी बाहेर जाऊन बसू का?

उलकान: बसा हितंच. दगडाला माहीत पाहिजे आपल्यावर काय लिवलंय ते.

बुरुल: पुढं?

उलकान: पुढं तीन दिवस तू रडलीस. गाईचं दूध लावलं, थुंकलीस. घोडीचं लावलं, थुंकलीस. माज्या अंगावर दूध कुटलं? चौथ्या दिवशी सकाळी, धारा काढायच्या आदी, नूरिपा ओढा उतरून आली. मला वाटलं, न्यायला आली. बुरुल, मी दारात आडवी उभी राहिले. हे मी कुनाला सांगितलेलं न्हाई. तू आत रडून काळीनिळी झालीवतीस, आन् मी तुज्या आईला दारात अडवलं.

बुरुल: तिनं काय केलं?

उलकान: उभी राहिली. तिच्या झग्याच्या म्होरं दोन ओले डाग व्हते. म्हनली, जाऊबाई, बाजूला व्हा, पोरगी भुकेली हाय. मी झाले बाजूला. तिनं तुला पाजलं. दोनी बाजूंनी, पोट भरंपत्तुर. तू झोपलीस. मग ती उठली आन् तिनं सोता तुला माज्या ओटीत ठेवलं. म्हनली, त्या दिवशी सासूबाईंनी दिली, ती धरू नका. आज मी देते. आता मधी कुनी न्हाई.

बुरुल: हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

उलकान: आट महिनं रोज आली. बर्फ पडलं तवा ओढ्याला दगड टाकून आली. रोज पाजायची, रोज ठेवून जायची. लोक म्हनतात एकदा दिली. मी मोजलं न्हाई, पर दोनशे-अडीचशे येळा तरी दिली आसंल. तू उस्टं अन्न खायला लागलीस त्या दिवशी म्हनली, आता मी काकू. आन् म्हनली, जाऊबाई, मला कदी बी उपकार झाले म्हनू नका. तुमी म्हनलात की मला आठवंल मी काय दिलं ते. म्हनून मी म्हनले न्हाई. पंचेचाळीस वर्सं. ती मेल्यावर म्हनायचं तर कुनाला? म्हनून हितं आले.

शादमान: एकोणीस वर्षांची होती म्हणे.

उलकान: एकोनीसची. बाई कुटली, पोर व्हती. येनीला अजून कवड्या बांधायची.

बुरुल: मग बघायची का नाही माझ्याकडे? दूध पाजलं, ओढ्यात दगड टाकले. आणि खडीसाखर देताना एकदा बघितलं नाही. एवढं कळत नाही मला. सांग ना.

उलकान: त्येच सांगायला—

बुरुल: काय?

उलकान: तू पाच वर्सांची असशील. तुला कोंबड्यानं चोच मारली. मी अंगनात व्हते, नूरिपा बी व्हती. तू रडत सुटलीस ती माज्या अंगावरनं पुढं तिच्याकडं पळालीस. तुला काय ठावं नव्हतं तवा. तरी तिच्याकडं पळालीस. तिनं तुला उचललं, आन् तू गप झालीस. सांच्याला मी तिच्या घरी गेले. म्हनलं, नूरिपा, पोरीला जवळ घेऊ नगंस. तिच्याकडं बघू बी नगंस. तू बघितलंस की ती जाती.

बुरुल: तू सांगितलंस.

उलकान: मी. ती कनीक तिंबत व्हती. ‘बरं’ म्हनली. एवढंच. हात कनकीतच व्हते. आन् मग मरंपत्तुर बघितलं न्हाई. तुज्या लगनात मला वाटलं, आज तरी येईल बाहीर. मीच चुलीपाशी जाऊन म्हनले, ये गं, आज भेट तिला. म्हनली, नको जाऊबाई, आता मला बघाया जमायचं न्हाई.

शादमान: पाणी घे पोरी.

बुरुल: नको. आपा, मी चाळीस वर्षं त्या बाईचा राग केला.

उलकान: ठावं हाय. माज्या डोळ्यांदेखत केलास. आन् मला बरं वाटायचं. तू तिला ‘काकू’ म्हनताना तोंड वाकडं करायचीस, मला बरं वाटायचं. हे बी ऐकून ठेव.

बुरुल: आणि आता हे सगळं मला दगडांच्या दुकानात सांगतेस.

उलकान: घरी जीभ उचलत न्हाई. आन् उस्ता, मला अजून एक लिवायचंय. मागल्या बाजूला पोरांची नावं हायत ना, त्यात हिचं नाव घाला. बुरुल. तुर्दुबेकला मी सांगन, तो माजं ऐकतो. वर्साच्या जेवनाला सगळं खोरं येनार, सगळ्यांनी वाचू दे की ही तिची.

बुरुल: थांबा. उस्ता, खडू खाली ठेवा.

शादमान: ठेवला.

बुरुल: चाळीस दिवसांची होते तेव्हा एकीनं उचलून दुसरीच्या ओटीत टाकलं, विचारलं नाही. पाच वर्षांची होते तेव्हा तू तिला सांगितलंस बघू नकोस, मला विचारलं नाही. आज सेहेचाळीस वर्षांची आहे, केस पांढरे झाले, आणि आज तू मला परत तिला देऊन टाकतेस. पुन्हा न विचारता. मी काय गाय आहे?

उलकान: मी दोष फेडायला—

बुरुल: तुझा दोष तू फेड, आपा. माझ्या नावानं फेडू नकोस.

शादमान: ती बरोबर बोलतेय, आजी.

उलकान: तुमी गप बसा.

शादमान: बसलो.

उलकान: ... बरं. मग इचारते. मला इचारता येत न्हाई, आमच्यात कुनी कुनाला इचारलं न्हाई. तरी इचारते. बुरुल, माजी बाय, ओवाळलं गं मला तुज्यावरनं, तुजं नाव त्या दगडावर यावं असं तुला वाटतं का? न्हाई म्हनलीस तर न्हाई. शब्द बी पुसू. मी हाताला धरून तुला घरी नेईन आन् पुन्ना बोलनार न्हाई.

बुरुल: तुला काय वाटेल?

उलकान: मला काय वाटंल ते इचारू नगंस. आजवर सगळ्यांनी तेच बघितलं.

शादमान: चहा थंड झाला. बदलून देतो.

बुरुल: राहू दे, थंडच घेते. ... उस्ता, मी तिला ओळखतच नव्हते. अजूनही नाही ओळखत. ऐकली फक्त, तीही तिच्या जावेच्या तोंडून. माझा राग असा एका दुपारी जाणार नाही. तुझ्यावरचाही, आपा. तो तर आत्ताच सुरू झालाय.

उलकान: असू दे. मी अजून हाय थोडे दिस. कर.

बुरुल: पण ते ओढ्यातले दगड. बर्फात. मला मुलगा झाला तेव्हा खाटेवरून उठून खिडकीपर्यंत जाववत नव्हतं मला. ... तो शब्द राहू द्या उस्ता. तुमच्या आजीचा.

शादमान: राहू देतो. आणि नाव?

बुरुल: घाला.

शादमान: नीट विचार कर. एकदा कोरलं की फडक्यानं जात नाही.

बुरुल: केला. घाला.

शादमान: तीन मुलग्यांची नावं ओळीनं घेतली आहेत. त्यांच्या खाली जागा आहे, तिथं बसेल.

बुरुल: खाली नाही. वर. पहिली मी झाले.

शादमान: मग तिन्ही ओळी खाली सरकवाव्या लागतील. सरकवतो. खडूच आहे अजून.

उलकान: बुरुल.

बुरुल: हं.

उलकान: उद्या माजा दगड करशील, त्यावर... म्हंजे तू आता तिकडं झालीस. त्यावर काय लिवनार?

बुरुल: तुझ्या दगडावर एकटं माझंच नाव असणार, आपा. दुसरं आहेच कोण तुला? ऊठ, काठी घे. शेवटची गाडी सहाला सुटते.